बेकारीचा तिमाही आकडा आणि आपला मजूर

(बुलढाणा येथे शेतमजूर व सुशिक्षित बेकार तरुण यांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला नेमून दिलेला विषय रुक्ष आहे. देशातील रोजगार व बेकारी यांचे जे आकडे केंद्र सरकार दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करते, त्यांचा अर्थ आपल्या लोकांना समजावून सांगावा, असे चालकांनी मला कळविले. आकड्यांचे नाव काढले की सभा पांगते, हे मी जाणून आहे. परंतु ज्या समाजाची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या इतरांनीच केली, त्याने तरी आकड्यांकडे पाठ फिरवून चालणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यात शेताचा तुकडा लहान की मोठा एवढ्यावर ते थांबले नाहीत. जमिनीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अडकून पडली आहेत, त्यांच्या हातांना काम नाही आणि उद्योगधंदे वाढल्यावाचून हे रिकामे हात जमिनीवरून हलणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४४ मध्ये, कामगारांचे वेतन व राहणीमान यांच्या चौकशीसाठी रेगे समिती नेमली गेली. आधी मोजा आणि मग उपाय बोला, अशी ती शिस्त होती. त्याच शिस्तीने आज आपण या तिमाही आकड्याकडे पाहू.

एप्रिल २०१७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय श्रमशक्तीची नियतकालिक पाहणी करीत आहे. या पाहणीचे वार्षिक अहवाल गाव आणि शहर दोहोंचे असत. परंतु तिमाही पत्रक मात्र केवळ शहरांचे निघे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे २५ लाख ८६ हजार माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे चार पंचमांश खेड्यांत राहत होती. म्हणजे कित्येक वर्षे दर तिमाहीस ‘देशातील बेकारी इतकी घटली’ अशी वार्ता वर्तमानपत्रांत येई, तेव्हा त्या देशात आपली खेडी नसत! एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत, टाळेबंदीच्या दिवसांत, शहरांतील बेकारी २०·८ टक्क्यांवर गेल्याची नोंद झाली. हा आकडा भयंकर होता हे खरे. पण पुण्या-मुंबईचे काम बुडाल्यावर जो मजूर पायपीट करीत आपल्या गावी परतला, तो गावाच्या शिवेत शिरताच या हिशेबातून नाहीसा झाला. त्याचे काम गेले ही गोष्ट शहराच्या तिमाही पत्रकात मावत नव्हती आणि गावाचे तिमाही पत्रकच अस्तित्वात नव्हते.

जानेवारी २०२५ पासून ही रीत बदलली. नमुना वाढविण्यात आला. देशभरातील सुमारे २ लाख ७२ हजार कुटुंबांची निवड झाली आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक मानला गेला. एप्रिल ते जून २०२५ च्या तिमाही पत्रकात ग्रामीण भाग प्रथमच समाविष्ट झाला. या सुधारणेचे मी मनःपूर्वक स्वागत करतो.

आता त्या पत्रकात काय निघाले ते पाहा. १५ वर्षांवरील माणसांत एप्रिल-जून २०२५ मध्ये शहरी बेकारी ६·८ टक्के, तर ग्रामीण बेकारी ४·८ टक्के. पुढच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत शहरी आकडा ६·९ झाला आणि ग्रामीण आकडा ४·४ वर उतरला. अर्थात, खेड्यात बेकारी कमी आणि शहरात अधिक! मग माझा प्रश्न असा की, मोताळ्याचा आणि लोणारचा तरुण कमी बेकारीचे गाव सोडून अधिक बेकारीच्या शहराकडे का धावतो? तो वेडा आहे काय?

या कोड्याचे उत्तर व्याख्येत आहे. तिमाही आकडा हा चालू आठवड्याच्या स्थितीवरून काढतात. पाहणीपूर्वीच्या सात दिवसांत ज्याने कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले, तो रोजगारी. ज्याने एक तासही काम केले नाही आणि जो काम शोधत होता किंवा कामास तयार होता, तोच बेकार. आठवड्याचे सहा दिवस पारावर बसून सातव्या दिवशी कुणाच्या शेतात पऱ्हाट्या उपटल्या, तरी तो मजूर रोजगारीच ठरतो. घरच्या दोन एकरांत सासऱ्याबरोबर विनावेतन राबणारी सूनसुद्धा स्वयंरोजगारी ठरते. ही व्याख्या कुणी कपटाने रचली आहे असा माझा आरोप नाही. जगभर अशाच व्याख्या चालतात. जेथे कारखान्याचा कामगार एक तर कामावर असतो, नाही तर काम गमावून बसतो, तेथे ती बरी लागू पडते. आपल्या मजुराला बेकार राहणे परवडतच नाही. हाती पडेल ते, पडेल त्या भावाने तो करतो. बेकार म्हणवून घेण्यासाठी वाट पाहण्याची ऐपत लागते, आणि ती शहरातल्या पदवीधराच्या बापाकडे थोडीबहुत असते.

म्हणून १९७० साली प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सांगितले होते की, भारतासारख्या देशात बेकारी एकाच आकड्याने मोजू नये. त्यानंतरच्या पाहण्यांत दिवसाचा, अर्ध्या दिवसाचा हिशेब धरणारी दैनिक स्थितीची पद्धत आली. आपल्या मजुराच्या दृष्टीने ती अधिक न्यायाची होती, कारण त्याचे दुःख ‘काम आहे की नाही’ एवढेच नसते. ते ‘आठवड्यात किती दिवस आणि काय भावाने’ हे असते. आजच्या तिमाही पत्रकाचा ठळक आकडा या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

ग्रामीण आकडा ४·८ वरून ४·४ वर कसा आला, हेही समजून घ्या. त्याच दोन तिमाहींत खेड्यांतील काम करणाऱ्यांपैकी शेतीत असलेल्यांचे प्रमाण ५३·५ वरून ५७·७ टक्क्यांवर गेले आणि स्वयंरोजगारींचे प्रमाण ६०·७ वरून ६२·८ टक्क्यांवर चढले. नवा कारखाना निघाल्याचे हे लक्षण नव्हे. मृगाचा पाऊस पडला, पेरण्या झाल्या आणि रिकामे हात शेतात शिरले, एवढाच त्याचा अर्थ. बाबासाहेबांनी १९१८ साली ज्या रिकाम्या हातांविषयी लिहिले, तेच हात आज स्वयंरोजगाराच्या रकान्यात बसले आहेत.

आमच्या जिल्ह्यात तिमाही म्हणजे हंगाम, हे तुम्हाला मी सांगावयास नको. घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे सोयाबीन. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोदकडे कपाशी. आषाढ-श्रावणात निंदण आणि डवरणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्याकडे हरभरा-गहू. त्यानंतर होळीपासून मृगापर्यंत गावात काम नाही. तेव्हा वीटभट्टी, बांधकाम, ऊसतोड, सुरत, पुणे. त्यातही गेल्या काही वर्षांत तणनाशकाने बायांचे निंदण खाल्ले आणि हार्वेस्टर यंत्राने गुत्त्याची सोंगणी खाल्ली. एप्रिल ते जून या एकाच तिमाहीत वैशाखातली ओस पडलेली वस्ती आणि मृगातली पेरणीची घाई या दोन्हींची सरासरी निघते. आणि भुकेच्या दिवसांची सरासरी कधी निघत नसते.

काम मिळाले तरी ते कसले, हे पत्रक सांगत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यातील तढेगावनजीक, समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना लोखंडी सळया भरलेल्या गाडीतून नेले जात असता ती गाडी उलटली आणि तेरा मजूर ठार झाले. दूर प्रांतांतून पोटासाठी आलेली ही माणसे होती. कोणत्याही व्याख्येने पाहा, त्या आठवड्यात ते रोजगारीच होते.

आता एका नाजूक बाबीकडे वळतो. तिमाही पत्रकात शहर-गाव आणि स्त्री-पुरुष असे भेद दाखवितात. अनुसूचित जातींचा वेगळा रकाना नसतो. तो वार्षिक अहवालात असतो. त्या अहवालात धर्मवार तक्तेही आहेत, पण त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती व शीख असे चार रकाने आहेत. बौद्धांना स्वतंत्र रकाना नाही. एकूण बेरजेत आम्ही आहोत आणि तक्त्यात नाही. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे देशात बौद्धांची संख्या ८४ लाखांवर होती व त्यांतील ६५ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात होती. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाला केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे थांबावे लागले. आता मोजणीच्या रकान्यासाठी आणखी किती थांबावयाचे? दिल्लीच्या तक्त्यात बौद्धांची संख्या अपुरी पडते, असे उत्तर कदाचित मिळेल. महाराष्ट्रात ते उत्तर टिकणार नाही. राज्य शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. त्याने अनुसूचित जाती आणि बौद्ध यांच्या रोजगाराचे आकडे स्वतंत्रपणे छापावेत, अशी मागणी या सभेने ठरावाने करावी.

दुसरी बाब तातडीची आहे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून धडा घेऊन वि. स. पागे यांच्या पुरस्काराने रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि त्याच वाटेने २००५ चा केंद्रीय कायदा आला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी लिहिली आहे. पण पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण साठ दिवस सरकारी काम बंद ठेवण्याचीही तरतूद आहे, आणि ते दिवस राज्य सरकारने आधी जाहीर करावयाचे आहेत. हे साठ दिवस कोणते? सोंगणीच्या वेळी सरकारी काम बंद राहिले की मजुराला भाव मागण्याचा आधार उरत नाही, हे मोठ्या शेतमालकाला चांगले कळते. घाटावरचा हंगाम घाटाखाली लागू नाही. जाहीर करणाऱ्याने आपल्या तालुक्यातील मजुराला विचारले काय, हे पाहण्याचे काम तुमचे आहे.

त्यासाठी तुमच्याजवळ कागद हवा. कामाची मागणी तोंडी करू नका. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी-भत्त्याची तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्यातही आहे. पण पोच नसेल तर तुम्ही काम मागितलेच नव्हते असे समजले जाते. वस्तीतील एका शिकलेल्या मुलाने या पोचपावत्यांची वही ठेवावी. किती जणांनी, कोणत्या महिन्यात काम मागितले आणि किती दिवस मिळाले, एवढेच त्यात लिहावे. जिल्ह्याचा तिमाही आकडा दिल्लीहून येत नाही. तो या वह्यांतून निघू शकेल.

आणि पाहणीचा माणूस तुमच्या दारी आला तर त्याला टाळू नका. नव्या पद्धतीत तो एकाच घरी चार महिने लागोपाठ येतो. तो कर लावावयास येत नाही. तुमची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन त्याच्यावर कायद्याने आहे. ‘काम करतो’ एवढे मोघम उत्तर देऊन त्याला वाटेला लावू नका. सातही दिवसांचे तास तो विचारतो, दिवसागणिक सांगा. अधिक काम मिळाले असते तर केले असते काय, हाही प्रश्न त्याच्याकडे असतो. त्याचे उत्तर स्पष्ट द्या. मजुरी मिळाली तेवढीच सांगा, लाजून फुगवू नका. बाईच्या कामाविषयी ओट्यावर बसलेल्या पुरुषाने उत्तर देऊ नये. ‘ती घरीच असते’ असे तो सांगतो आणि तिची वेचणी, तिचे सरपण, तिची शेरडे सर्व कागदावरून पुसली जातात. तिला आतून बाहेर बोलवा आणि तिचे तास तिलाच सांगू द्या.