हरल्यानंतरचा सोमवार



२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. ज्याच्यासाठी आम्ही दारोदार फिरलो, तो उमेदवार पडला. सोमवारी मोहल्ल्यातल्या एक खाला मतदान कार्ड घेऊन आल्या. "कार्ड आहे, पण यादीत नावच नव्हतं. आता काय करायचं, बेटा?" फॉर्म ६ भरला. मागोमाग त्यांची सून आली. तिचं नाव अजून माहेरच्या पत्त्यावर, म्हणून फॉर्म ८. उमेदवाराचं मात्र कुणीच विचारलं नाही. (मला ते थोडं लागलंही.)

त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. एवढी माणसं आपल्या दोन गल्ल्यांत राहतात.

नोंदणीसाठी आता वर्षातल्या चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. आमच्या मुलींनी याद्या बूथप्रमाणे वाटून घेतल्यात. त्याच वहीत रेशन, गटार, पाण्याच्या तक्रारीही येतात. खरं तर त्याच जास्त.

पुढच्या वेळी जिंकूच, असं मी म्हणणार नाही. रविवारी मशिदीमागची गल्ली राहिली आहे. येताना पेन आणा, आमच्याकडचे संपतात.