एकरकमी पैसा आणि कायमची शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मंदीच्या काळात सरकारने हात आखडता घ्यावा की सैल सोडावा, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. १९२९ नंतरच्या महामंदीने त्याचा निकाल बऱ्याच अंशी लावला. खासगी भांडवल भीतीने दडून बसते, कारखाने थंडावतात, मजुरांचे खिसे रिकामे होतात आणि गिऱ्हाईक नाही म्हणून उरलेले कारखानेही बंद पडू लागतात. हे दुष्टचक्र तोडण्याचे सामर्थ्य अशा वेळी एकट्या सरकारापाशी असते. समाजवादी चळवळीला हा विचार कधीच परका नव्हता. परंतु सरकारने खर्च करावा, एवढे म्हणून भागत नाही. तो कशावर करावा, कोणाच्या विचाराने करावा आणि पैसा संपल्यावर मागे काय उरावे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. अर्थव्यवस्थेला उत्तेजन देण्यासाठी काढलेला पैसा शाळांतील संगणक आणि इंटरनेट यांवर खर्च होतो, तेव्हा हे तिन्ही प्रश्न एकदम समोर उभे राहतात. त्यांची कहाणी मुख्यतः अमेरिकेतील आहे. पण २०२० साली तिचा एक अध्याय भारतातही लिहिला गेला.

२००८ साली अमेरिकेतील मोठमोठ्या वित्तसंस्था कोसळल्या, त्याचा तडाखा शाळांना बसण्यास वेळ लागला नाही. तेथील सरकारी शाळा प्रामुख्याने स्थानिक मालमत्ता कर आणि राज्यांचा महसूल यांवर चालतात; केंद्र सरकारचा वाटा एरवी लहानच असतो. घरांच्या किमती घसरल्या, व्यापार मंदावला आणि राज्यांच्या तिजोऱ्या आटल्या. शिक्षकांच्या हाती नोकरी गेल्याच्या नोटिसा पडू लागल्या. १७ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी डेन्व्हर येथे ७८७ अब्ज डॉलरच्या पुनरुज्जीवन कायद्यावर सही केली. त्यांपैकी जवळजवळ १०० अब्ज डॉलर शिक्षणखात्याच्या वाट्याला आले. सर्वांत मोठा भाग, म्हणजे ५३.६ अब्ज, राज्यांची अंदाजपत्रके सावरण्यासाठी होता. त्यातून प्रामुख्याने शिक्षणाचा खर्च भागवायचा होता. विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या शिक्षणाला १२.२ अब्ज आणि गरीब वस्तीतील मुलांच्या शिक्षणाला १० अब्ज मिळाले. शालेय तंत्रज्ञानाच्या योजनेला मिळाले ६५ कोटी डॉलर, म्हणजे शिक्षणासाठी दिलेल्या शंभर डॉलरमागे अवघे पासष्ट सेंट.

हा आकडा पाहून पुष्कळांनी नाके मुरडली. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात या योजनेला एक अब्ज डॉलर होते. शालेय इमारतींच्या दुरुस्तीसाठी त्याच मसुद्यात स्वतंत्र तरतूद होती. सेनेटमधील तडजोडीत ती गळली. तथापि शिक्षक वाचवण्याला पहिले स्थान मिळाले, यात गैर काहीच नव्हते. ज्या वर्गातला शिक्षकच घरी गेला, त्या वर्गातील संगणक म्हणजे मूर्तीवाचून सजवलेला देव्हारा. शिवाय शिक्षकाचा पगार त्याच गावातील वाण्याकडे, शिंप्याकडे आणि घरमालकाकडे जातो. आयात केलेल्या यंत्राची किंमत बव्हंशी दूरदेशीच्या कारखान्याकडे निघून जाते. मंदी हटवणे हाच हेतू असेल, तर पगारावरचा डॉलर यंत्रावरच्या डॉलरपेक्षा अधिक काम करतो, हे साधे गणित आहे.

खरा प्रश्न त्या ६५ कोटींचे पुढे काय झाले, हा आहे. योजनेच्या अटी वाईट नव्हत्या. निधीच्या वाटपात गरीब भागांना झुकते माप होते आणि मिळालेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करणे बंधनकारक होते. परंतु उत्तेजनाचा सारा पैसा ३० सप्टेंबर २०११ पूर्वी कामी लावायचा होता. याच योजनेला २००९ च्या नेहमीच्या अंदाजपत्रकात सुमारे २७ कोटी डॉलर होते. २०१० साली ते १० कोटींवर आले आणि २०११ साली शून्यावर. मंदीत जिला दुथडी पूर आला, ती नदी दोन वर्षांत कोरडी पडली. उत्तेजनाचा पैसा जादा म्हणून आला होता. प्रत्यक्षात तो नेहमीच्या पैशाचा निरोपसमारंभ ठरला. हत्ती दारी बांधणे सोपे, पोसणे कठीण असे म्हणतात. येथे हत्ती दारी बांधून झाल्यावर वैरणीचे खातेच बंद करण्यात आले.

या घटनेच्या मुळाशी एक विसंगती आहे आणि ती केवळ अमेरिकेची नव्हे. मंदीच्या औषधाचे सारे बळ घाईत असते. पैसा जितक्या लवकर बाजारात फिरेल तितका गुण. शाळेची गती याच्या नेमकी उलट असते. नवे साधन वर्गात आले की ते शिक्षकाच्या हातात बसावे लागते, पाठात मुरावे लागते, बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस जवळ असावा लागतो. याला वर्षे लागतात. तारखेच्या आत पैसा संपवण्याचे बंधन असलेला अधिकारी साहजिकच अशा वस्तूकडे वळतो, जी एका मागणीपत्रावर हजारोंच्या संख्येने विकत घेता येते. प्रशिक्षण तसे घेता येत नाही आणि शिक्षकांचा विश्वास तर मुळीच घेता येत नाही. विक्रेत्यांना ही अडचण ठाऊक असते. म्हणूनच निधीची घोषणा होताच शाळेच्या दारात पहिला पाहुणा येतो तो विक्रेता. पालकांचा क्रमांक फार मागे लागतो.

मग एकरकमी पैशाने काय घ्यावे? याचे उत्तर अमेरिकेच्याच जुन्या इतिहासात आहे. १९३० नंतरच्या दशकात रूझवेल्ट सरकारने मंदीशी झुंजताना शाळांच्या इमारती उभारल्या. त्यांतील अनेक इमारती आजही वापरात आहेत. १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा स्थापन झाली, तेव्हा तेथील शेतघरांपैकी दहांतील सुमारे एकाच घरी वीज होती. नफा नाही म्हणून खासगी कंपन्या खेड्यांत तारा नेण्यास तयार नव्हत्या. सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना अल्प व्याजाने कर्जे दिली आणि त्यांनी खांब रोवून तारा ओढल्या. त्या पैशातून सरकारने विजेचे दिवे वाटले असते, तर ते दोनचार वर्षांत फुटून गेले असते. सहकारी संस्था मात्र टिकल्या. एकदाच मिळणारा पैसा जमिनीत, माणसात आणि संस्थेत घालावा, हा त्यातील धडा आहे.

दुसरा धडा १९९६ च्या दूरसंचार कायद्याचा. त्याअन्वये शाळा व ग्रंथालये यांच्या इंटरनेट जोडणीसाठी एक योजना सुरू झाली. दूरसंचार कंपन्यांकडून वर्गणी घेऊन निधी उभारायचा आणि शाळांच्या बिलात वीस ते नव्वद टक्के सवलत द्यायची. वस्ती जितकी गरीब तितकी सवलत अधिक. कंपन्या ही वर्गणी ग्राहकांकडूनच वसूल करतात, हा तिचा दोष मान्य केला पाहिजे. परंतु हा निधी दरवर्षी येतो, मंदी असो वा तेजी. प्रारंभी त्याची वार्षिक मर्यादा सव्वादोन अब्ज डॉलर होती, २०१४ साली ती वाढवण्यात आली. या वर्गणीला घटनाबाह्य ठरवण्याचा प्रयत्न झाला; जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. उत्तेजनाचे ६५ कोटी विरून गेले आणि ही कायदेशीर वर्गणी उरली, यातच पुष्कळ काही आले. गरिबाच्या मुलाची सोय औदार्यावर सोडली की ती औदार्याबरोबर संपते. तिला कायद्याचा पाया मिळाला तर ती टिकण्याचा संभव असतो.

हे धडे गिरवण्याची संधी २०२० साली पुन्हा आली. कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि तीन कायद्यांद्वारे अमेरिकन शाळांसाठी सुमारे १९० अब्ज डॉलर मंजूर झाले. घरबसल्या शिकणाऱ्या मुलांच्या जोडण्या व उपकरणे यांसाठी सात अब्जांहून अधिक डॉलरचा आणखी एक निधी निघाला. त्या वेळी घाई क्षम्य होती, कारण मूल घरी आणि शाळेला कुलूप अशी स्थिती होती. परंतु खरेदी झालेल्या लक्षावधी स्वस्त क्रोमबुकांबाबत एक गोष्ट पुढे आली. यंत्र धडधाकट असले तरी कंपनीने ठरवलेल्या तारखेनंतर त्याला सुरक्षा-सुधारणा मिळत नसत आणि शाळेच्या दृष्टीने ते निकामी ठरे. ग्राहक संघटनांनी ओरड केल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने २०२१ पासूनच्या यंत्रांसाठी ही मुदत दहा वर्षांची केली. पैसा जनतेचा, यंत्र शाळेचे, पण त्याचे आयुष्य ठरवणार कंपनी! खरेदीच्या करारात ही मुदत आधीच लिहून घेतली असती, तर ओरड करण्याची वेळ आली नसती. सप्टेंबर २०२४ मध्ये या मदतीच्या अखेरच्या हप्त्याची मुदत संपली आणि पैसा संपल्यावर काय, हा २०११ चाच प्रश्न शाळांपुढे पुन्हा उभा राहिला.

आता भारताकडे वळावे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने वीस लाख कोटी रुपयांचे पॅकेज घोषित केले आणि १७ मे रोजी त्यात शालेय तंत्रज्ञानाचा एक कार्यक्रम सांगण्यात आला. पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेसाठी एक दूरचित्रवाहिनी, आणि त्याबरोबर रेडिओ व इंटरनेटवरील पाठ, असे त्याचे स्वरूप होते. टीव्हीची निवड अगदीच अविचाराची नव्हती. इंटरनेटपेक्षा टीव्ही अधिक घरांत पोचला होता. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने २०१७–१८ चे जे चित्र दिले होते, ते डोळ्यांआड करता येत नाही. ग्रामीण भागात संगणक असलेली घरे शंभरांत सुमारे चार, शहरांत तेवीस. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात शंभरांत पंधरा घरी, शहरांत बेचाळीस घरी. वाहिन्या बारा असल्या तरी एका झोपडीत मुले तीन, इयत्ता तीन आणि टीव्ही असलाच तर एक, हा हिशेब कोणी करायचा?

शाळा उघडल्यानंतरही स्थिती समाधानकारक नव्हती. केंद्र सरकारच्याच २०२३–२४ च्या आकडेवारीनुसार संगणक असलेल्या शाळा ५७.२ टक्के आणि इंटरनेट असलेल्या ५३.९ टक्के होत्या. महाराष्ट्रात गावोगावी शिक्षकांनी पदरमोड करून आणि ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटल वर्ग उभारले. त्यांच्या उमेदीचे मोल मोठे आहे. पण थकलेल्या बिलापायी शाळेची वीजच तोडली गेल्याच्या बातम्याही याच महाराष्ट्रातून वारंवार आल्या. पडदा लोकवर्गणीचा आणि अंधार सरकारी, अशी ही विभागणी आहे. वस्तूसाठी पैसा मिळतो, ती चालवण्यासाठी मिळत नाही, हा अमेरिकेतील अब्जावधींचा आणि येथील हजार-दोन हजारांच्या वीजबिलाचा समान दोष होय.

याहून निराळा मार्ग केरळात दिसतो. २००१ साली तेथे सुरू झालेल्या शालेय संगणक प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअरचा अवलंब केला, त्यामुळे परवान्याच्या शुल्कापोटी कंपन्यांपुढे हात जोडण्याचा प्रसंग टळला. प्रशिक्षक बाहेरून न आणता शिक्षकांतूनच घडवले गेले. पुढे राज्याच्या पायाभूत निधीतून ४५,००० वर्ग सुसज्ज झाले, तेव्हा ती साधने हाताळणारी माणसे आधीच तयार होती. माणूस आधी आणि यंत्र नंतर, एवढाच तो क्रम. पण सगळा फरक त्या क्रमात आहे.

असा निधी घेऊच नये, असे काही सात्त्विक मंडळी म्हणतील. मुलांना खडू-फळा पुरे, असेही म्हणतील. असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा खडू-फळ्यावर भागवत नसतात. श्रीमंताच्या मुलाला घरी मिळणारे साधन गरिबाच्या मुलाला शाळेत मिळालेच पाहिजे. नाही तर जुन्या विषमतेवर नवी विषमता चढेल. निधी घ्यावा, हक्काने घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून घ्यावा.

त्यासाठी कार्यकर्त्यांच्या हाती एक साधन आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. तिच्या सभासदांपैकी तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि समितीने शाळेचा विकास आराखडा करावा, असे कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती असते. तिला जागे करणे हे काम सभेतील भाषणापेक्षा कष्टाचे आणि अधिक मोलाचे आहे. नवी साधने शाळेत येतील तेव्हा समितीने चार गोष्टी लेखी मागाव्यात: विजेचे व जोडणीचे बिल पाच वर्षे कोण भरणार, दुरुस्ती कोण आणि किती दिवसांत करणार, यंत्राची मुदत कोणी ठरवली, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी किती रक्कम राखून ठेवली. ज्या खरेदीला या चारांची उत्तरे नाहीत, ती खरेदी शाळेसाठी झालेली नसून विक्रेत्यासाठी झालेली आहे, असे खुशाल समजावे.

मंदी पुन्हा येईल आणि तिच्याबरोबर पॅकेजही येईल. त्या दिवशी घोषणा दिल्लीत किंवा मुंबईत होईल. तिचा हिशेब मात्र गावातल्या शाळेच्या ओटीवर, मुलांच्या आयांसमोर मागावा लागेल. तो मागण्याची तयारी पैसा येण्यापूर्वी झाली पाहिजे, कारण पैसा आल्यावर विचाराला कोणी सवड देत नाही.