हप्त्यांची कादंबरी आणि दूरचित्रवाणी



व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील थोर कादंबऱ्यांचे दूरचित्रवाणीवरील अवतार हा विषय चकलांब्याच्या व्याख्यानमालेस प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु यांपैकी कित्येक कादंबऱ्या ग्रंथरूप धारण करण्यापूर्वी नियतकालिक हप्त्यांनी घरोघर पोहोचत होत्या, आणि दिवेलागणीनंतर आपण ज्या मालिकांपुढे बसतो त्यांचे कूळ शोधू गेल्यास ते या हप्त्यांपाशीच जाऊन पोहोचते, हे ध्यानी घेतले म्हणजे तो परकेपणा फारसा उरत नाही.

चार्ल्स डिकन्स यांची ‘ब्लीक हाउस’ मार्च 1852 पासून सप्टेंबर 1853 पर्यंत मासिक भागांनी प्रसिद्ध झाली. तीत जारंडिस घराण्याच्या मिळकतीचा दावा पिढ्यानपिढ्या चालतो आणि अखेर सारी मिळकत खर्चात गडप झाल्यामुळेच संपुष्टात येतो. बांधाच्या तंट्यापायी आजोबांनी गुदरलेला दिवाणी दावा नातवाच्या हयातीतही तारखांमागून तारखा घेत राहिलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कथेचे मर्म समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. 2005 साली बीबीसीने अँड्र्यू डेव्हिस यांच्या पटकथेवरून ही कादंबरी पंधरा भागांत दाखविली. पहिला भाग तासाभराचा आणि पुढील अर्ध्या अर्ध्या तासाचे. हप्त्यांनी जन्मलेल्या कथेला तिचे हप्ते परत मिळाले, आणि उत्कंठेवर थांबण्याची तिची मूळ रीतही त्यामुळे पुष्कळ अंशी शाबूत राहिली. तथापि एक मोठी हानी झाली. मूळ कादंबरीचा सुमारे निम्मा भाग एस्थर समरसन ही आईबापांच्या छत्रावाचून वाढलेली मुलगी स्वमुखाने सांगते; तिचा संकोच, तिचे स्वतःला कमी लेखणे, एखादी गोष्ट सांगता सांगता मध्येच आवरणे, हे सर्व त्या निवेदनात आहे. पडद्यावर एस्थर दिसते, बोलते, रडतेही. परंतु कथा सांगण्याचा तिचा अधिकार मात्र कॅमेऱ्याकडे जातो.

ही हानी मला विशेष जाचते, कारण आपल्या भाषेतील त्या काळची सर्वश्रेष्ठ कादंबरी अशाच एका स्त्रीच्या तोंडून सांगितलेली आहे. हरि नारायण आपटे यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबरीच्या छायेत ‘मधली स्थिती’ लिहून 1885 मध्ये ‘पुणे वैभवा’तून लेखनास आरंभ केला, पुढे 1890 साली स्वतःचे ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः प्रसिद्ध केली. तिची नायिका यमू आपले बालपण, सासर, पतीच्या सहवासातील मुंबईचे अल्पकालीन सुख आणि वैधव्य हे सर्व स्वतः निवेदन करते. तिच्या बळजबरीने केलेल्या केशवपनाचा प्रसंग उद्या कोणी चित्रित केला, तर कॅमेरा बघ्यांच्या रांगेत उभा राहून तो दाखवील आणि आपण हळहळू. परंतु कादंबरीत आपण यमूच्या शेजारी उभे नसतो, यमूच्या आत असतो, आणि हळहळण्यापुरतेही अंतर हरिभाऊ आपणांस देत नाहीत. दागिने, नऊवारी लुगडी, वाड्याचा चौक, समया यांची बिनचूक मांडणी केली म्हणजे तो काळ उभा राहिला असे मानणाऱ्या निर्मात्यांनी या फरकाचा विचार केला पाहिजे.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वर गजानन जागीरदार यांनी केलेली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची मालिका अनेकांच्या स्मरणात आहे. दूरदर्शनच्या त्या जमान्यात तेरा भागांची चौकट रूढ असल्यामुळे आटोपशीरपणाचा संस्कार आपोआप घडे. पुढे 2012 साली झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ सुरू झाली. ती कादंबरीवर नव्हे तर रमाबाई रानडे यांच्या जीवनावर होती, आणि त्या जीवनकथेचा मुख्य आधार म्हणजे 1910 साली निघालेले त्यांचे आठवणींचे पुस्तक. अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरी आलेली मुलगी घरातल्या बायकांचा रोष सोसून अक्षरे गिरवते, हे लाखो घरांतील मुलींनी त्या मालिकेमुळे पाहिले. हे तिचे ऋण मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु ती वर्षाहून अधिक काळ चालली, आणि इतक्या लांबणीत रमाबाईंच्या गद्यातील मितभाषी, कोणावरही दोष न ठेवणारा सूर टिकणे अवघड होते. डिकन्सच्या वाचकाला पहिला भाग विकत घेतानाच कथा किती महिन्यांत संपेल याचा अदमास असे. आमच्या दैनंदिन मालिकेची अखेर प्रेक्षकसंख्या ठरविते.

आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. वर्षभर रोज चालणारी कथा या कुटुंबांतील स्त्रियांनी कशी पाहावी? मोजक्या भागांची मालिका पावसाळ्याच्या मुक्कामात संपू शकते.

म्हणून मालिका निर्माण करणारांस माझी विनंती आहे की त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ हाती घ्यावी, तिला वीस भागांपलीकडे ताणू नये, आणि पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत यमूचा आवाज यमूकडेच ठेवावा. आणि आपणांस विनंती ही, की त्यांची वाट न पाहता या गावात पुढील पावसाळ्यात ते पुस्तक आणवावे, आणि दर आठवड्यास एक प्रकरण याप्रमाणे, शक्यतो एखाद्या मुलीच्या मुखातून, मोठ्याने वाचवून घ्यावे.