मुलाचे डोके चालत नाही काय?
(परभणी जिल्ह्यातील पालकांपुढे केलेले भाषण)



आपले मूल विज्ञानात नापास झाले की "याचे डोकेच चालत नाही" असा निकाल शाळा देते, आणि आपणही तो मुकाट्याने मान्य करतो. या निकालाविरुद्ध आज मला अपील करावयाचे आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. तेथील संशोधक जळगाव जिल्ह्यातील खिरोदा भागातील प्राथमिक शाळांत गेले आणि गुरुजींच्या बरोबरीने त्यांनी काम केले. पुढे १९८० नंतरच्या दशकात मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुले त्यांनी हाती घेतली. त्यांना काय आढळले? मुलांची बुद्धी उणी नव्हती. पुस्तकाची भाषा त्यांच्या घरची नव्हती! भाषा सुबोध केली, प्रश्न विचारू दिले, तेव्हा त्याच मुलांची प्रगती दिसू लागली. ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याच मुलांना वर मंदबुद्धी ठरवावयाचे, हा न्याय कोणता?

बाजरी पेरण्यापूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतात. रोगट, पोचट दाणे वर तरंगतात, भरीव दाणे तळाशी बसतात. हे पाहिलेले मूल वर्गात 'घनता' हा शब्द ऐकून गप्प बसते. ती बादली आणि तो शब्द यांची गाठ घालणे हे गुरुजींचे काम. पण गुरुजींना तरी ते कोणी शिकविले?

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत असे काम सुरू झाले. दिल्ली विद्यापीठातील व टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ शिक्षकांच्या शिबिरांत बसत. मुले गट करून स्वतः प्रयोग करीत आणि परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला, ही खेदाची गोष्ट होय.

आपल्या परभणीत तर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला तोंड देणारी 'परभणी क्रांती' ही भेंडी तेथेच तयार झाली. ती कशी केली, हे आपल्या मुलांना तेथील संशोधकांनी शाळेत येऊन का सांगू नये?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. त्या जागेवर आपण बसा. पुढील सभेत दोन ठराव मांडा: विद्यापीठाला पत्र लिहून संशोधकांना बोलवावे, आणि प्रयोगाचे साहित्य कपाटातून काढून मुलांच्या हाती द्यावे.