बांधलेला प्रवासी आणि परत येणारा प्रवासी

व्यासपीठावरचे मान्यवर, कोकण-गोव्यातून आणि पुण्या-मुंबईहून लांबचा पल्ला गाठून आलेले पाहुणे, आणि बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतून आलेल्या ट्रॅव्हल्सवाल्या, टूरवाल्या, लॉज-हॉटेलवाल्या, एसटीतल्या आणि महाविद्यालयांतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीनं अंबाजोगाईत आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो.

निमंत्रणपत्रिका वाटायला लागलो त्या दिवसापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. पत्रिकेत दुसऱ्या सत्राचा विषय छापलाय : क्रूझवरची सेवा, सवलती, करमणूक आणि प्रवाशाची निष्ठा. लोक म्हणतात, अहो, बीडला समुद्र कधी आला? एकानं तर माजलगावच्या धरणात जहाज सोडताय काय, अशी चौकशी केली. सोडत नाही. उत्तरेला गोदावरी, आत सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा, एवढंच आपलं पाणी, आणि तेही पावसाच्या मर्जीचं. तरी हा विषय आम्ही जाणूनबुजून घेतला. एकदा आलेला प्रवासी पुन्हा आपल्याकडेच का येतो, हा प्रश्न क्रूझवाल्यांनी जितका चिवटपणे धरून ठेवलाय तितका आपण कधी धरला नाही. आपल्याला गरजच पडली नाही. ती आता पडणार आहे, आणि का पडणार आहे तेच मला आज सांगायचंय.

तसं अंबाजोगाईचं समुद्राशी नातं जुनंच आहे. आपली योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची कुलदेवता. समुद्रकाठची ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या कुळाचाराला, देवीची ओटी भरायला बालाघाटाच्या डोंगरावर येत आली आहेत. आख्यायिका तुम्हाला ठाऊक आहे : देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली, वऱ्हाड इथवर पोचलं आणि मुहूर्त टळला. लग्न राहिलं, वऱ्हाडाचे दगड झाले. इथल्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं आमची म्हातारी माणसं सांगतात. परळी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात वेळ चुकली की काय होतं याचं इतकं मोठं स्मारक गावात असताना आमच्या गाड्या अजून अर्धा-पाऊण तास उशिरा सुटतात, हे मात्र मला कळत नाही. मुकुंदराज, दासोपंत, स्वामी रामानंद तीर्थ यांची नावं घेतल्याशिवाय इथं कुणाचं स्वागत होत नाही. त्यांना वंदन करतो आणि बोटीकडे वळतो.

मराठी माणसाची बोट म्हणजे कोकणची आगबोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि पुढं पणजी. पुष्कळ बंदरांत धक्का नव्हताच. बोट बाहेर उभी राहायची आणि पोराबाळांसकट, ट्रंकांसकट माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. डेकवर आधी पोचेल त्यानं वळकटी पसरून जागा धरायची. बोट लागली की अर्ध्या डेकला लागायची. पावसाळ्यात सगळंच बंद. यात कसली आलीय सेवा आणि कसल्या सवलती? तरी हंगामात बोटी भरून जायच्या.

या धंद्यात बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनसारख्या मातब्बर कंपनीपुढं देशी माणसांनी सहकारातून बोटी उभ्या केल्या. त्यांच्या कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. बोटींची नावं बघा : तुकाराम, रामदास, सेंट अँथनी, सेंट झेवियर. डेकवर कोण बसणार आहे, वारकरी की गोव्याचा ख्रिस्ती, याचा विचार नाव ठेवतानाच झालेला होता. आज मोठ्या पगारावर माणसं ठेवून जे करतात, ते तेव्हाच्या लोकांनी बारशालाच उरकलं. १९०६ साली तिकडं तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. ब्रिटिश कंपनीनं भाडं पाडत पाडत शेवटी प्रवास फुकट आणि वर एक छत्री, इथवर मजल नेली, असं सांगतात. पिळ्ळै यांना १९०८ साली तुरुंगात टाकलं आणि १९११ साली कंपनी मोडीत निघाली. सवलत कशासाठी दिली जाते हे त्या छत्रीवरून ओळखावं. ती प्रवाशाच्या डोक्यावर होती, पण धरली होती समोरच्या कंपनीच्या नरड्याशी. आपल्याकडं दिवाळीत दोन ट्रॅव्हल्सवाल्यांची तिकिटाची मारामारी लागते तेव्हा मला ती छत्री दिसते.

आणि ‘रामदास’चं नाव निघालं म्हणून थांबतो. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आपण सेवा म्हटलं की चादर, पाण्याची बाटली, चार्जर एवढंच धरतो. ज्या गाडीचा ड्रायव्हर सलग दुसऱ्या रात्री जागा आहे, त्या गाडीतल्या चादरीविषयी मला काही ऐकायचं नाही. हे बोलणं इथं कुणाला लागत असेल तर लागू द्या.

पुढं काय झालं? खाड्यांवर पूल झाले, रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली, पण त्याच्या आधीच बोटीचा प्रवासी बोट सोडून गेला होता. बोटीवर माणसांचं प्रेम नव्हतं असं नाही. आजही जुना कोकणी माणूस बोटीचा विषय काढला की खुलतो. पण दुसरी सोय झाली त्या दिवशी तो एसटीत जाऊन बसला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. इतकी वर्षं त्याच्या भरलेल्या डेककडं बघून कंपन्यांना तो आपला माणूस वाटत होता. तो आपला नव्हता, त्याला पर्याय नव्हता.

ही गोष्ट बीड जिल्ह्यानं समजून घ्यायला हवी, कारण बांधलेला माणूस म्हणजे काय हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? दसऱ्यानंतर आपल्या गावांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. उचल घेतलेलं जोडपं वर्षामागून वर्ष त्याच मुकादमाकडं जातं. याला कुणी निष्ठा म्हणतं का? उचल फिटत नाही म्हणून जातं. मग पुण्याला नोकरीला असलेला आपला पोरगा दर शनिवारी त्याच गाडीनं येतो तेव्हा ‘आपलं कायमचं गिऱ्हाईक’ असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत रेल्वे नव्हती. परळीला होती, घाटनांदूरला होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणाला नव्हती. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी नगरकडं जाणारी पहिली गाडी बीडच्या स्टेशनातून सुटली तोवर मंजुरीच्या वेळी जन्मलेली पोरं स्वतः आईबाप झाली होती. पहिली गाडी साधी डेमू. तिच्यापेक्षा आपली बस बरी, असं म्हणून पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला. मला त्या श्वासाची काळजी वाटते. कोकणातही पहिली एसटी पाहून बोटवाले असंच म्हणाले असतील.

आता क्रूझ. हिच्यावर तर कुणीच नाइलाजानं बसत नाही. मुंबईहून निघून, दोन-तीन दिवस पाण्यावर काढून माणूस बहुधा मुंबईलाच परत येतो. कुठं पोचायचंच नाही. म्हणजे जहाजावर जे मिळालं तोच सगळा माल. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून सुटते. १९९० सालचं हे जहाज, पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीकडं होतं. आपल्या बीड-अंबाजोगाईतले निवृत्त शिक्षक, डॉक्टर, व्यापारी आता लग्नाच्या वाढदिवसाला तिच्यावर जाऊन येतात. आल्यावर काय सांगतात ते मी मुद्दाम ऐकत असतो. तरणतलाव, नाचगाणी, जादूचे खेळ यांचे फोटो दाखवतात, पण तोंडानं सांगतात वेगळंच : खोली आवरणाऱ्या पोरानं दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारली. काकू कांदा-लसूण खात नाहीत हे वाढप्याला एकदाच सांगावं लागलं. फोटोतली गोष्ट जाहिरातीला उपयोगी पडते. पुन्हा जायचं ठरतं ते दुसऱ्या गोष्टीवर.

मोठ्या परदेशी जहाजांवर हे योगायोगानं होत नाही. रात्रीच्या जेवणाला ठरलेलं टेबल घेतलं तर सगळ्या सफरीभर वाढपीही तोच. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, त्या दर्यावर्दी नोकरदारांच्या घराघरांत या कामाचं शिक्षण बापाकडून मुलाकडं आलेलं आहे. आज गोव्याचे पाहुणे इथं आहेत, ते याविषयी माझ्यापेक्षा अधिकारानं बोलतील. आणखी एक युक्ती मला फार आवडली. पुढच्या सफरीचं बुकिंग करणारं टेबल जहाजावरच असतं. माणूस अजून खुशीत आहे, अंगावर समुद्राचा वारा आहे, तेवढ्यात थोडी रक्कम भरून घेऊन पुढचं तिकीट त्याच्या हातात. आपण काय करतो? पहाटे चारला स्वारगेटला दिवा लावून ‘चला, उतरा उतरा’ म्हणून ओरडतो. मग पुढच्या वेळी तो मोबाइलवर सगळ्यांचे दर बघून तिकीट काढतो आणि आपण म्हणतो, लोकांना नातं राहिलं नाही.

क्रूझवाल्यांकडं सवलतींची मोठी उतरंड आहे. रॉयल कॅरिबियनमध्ये जितक्या रात्री जहाजावर काढाल तितके गुण, आणि त्यावर सोनं, प्लॅटिनम, पाचू, हिरा अशा पायऱ्या. सगळ्यात वरची पायरी ७०० गुणांना. कार्निव्हल कंपनीचंही असंच प्रवासाच्या दिवसांवर चालायचं. २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून किती दिवस प्रवास केला ते नव्हे, तर किती पैसे खर्च केले ते मोजू. जुने प्रवासी भडकले. वर्षानुवर्षं काटकसरीनं जाणाऱ्या माणसाला अचानक कळलं की इथं आपली हजेरी नाही, पाकीट मोजतात. दिलेली सवलत माणूस लवकर विसरतो आणि काढून घेतलेली कधीच विसरत नाही, म्हणून सवलत देण्याआधी ती किती वर्षं निभवता येईल याचा हिशोब करा. आणि सवलतीपलीकडचं सांगायचं तर, टेक्सासचे प्राध्यापक जेम्स पेट्रिक यांनी २००४ मध्ये क्रूझ प्रवाशांच्या अभ्यासातून दाखवलं की पुन्हा येण्याच्या इराद्याचा अंदाज सर्वांत चांगला लागतो तो सेवेच्या दर्जावरून. पैसे वसूल झाले का, समाधान झालं का, हे त्याच्या मागून येतं. विद्यार्थ्यांनी तो निबंध मिळवून वाचावा.

आपल्याकडं एसटीनं ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. गाड्या भरल्या, बायाबापड्यांची माहेरं जवळ आली, फार चांगलं झालं. पण अर्धं तिकीट सरकारनं दिलंय. हातात पिशव्या आणि कडेवर लेकरू घेतलेल्या बाईसाठी गाडी दहा सेकंद जास्त थांबवायची की नाही, ते मात्र ड्रायव्हर-कंडक्टरनं द्यायचं आहे.

खरी निष्ठा पाहायची तर जहाजावर जायलाही नको. १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणी घ्या. पुण्या-मुंबईदरम्यान तिला पर्याय किती आहेत! तरी तिचे पासधारक दर १ जूनला गाडीचा वाढदिवस करतात, केक कापतात. जून २०२२ मध्ये गाडीला नवे डबे आले, तेव्हा त्यांचा जीव डायनिंग कारमध्ये अडकला होता, आणि ती राहिली. चालत्या गाडीत टेबलाशी बसून कटलेट आणि ऑम्लेट खाणं, एवढीच तर चैन. पण त्या टेबलापाशी रोजची माणसं रोजच्या माणसांना भेटतात. गाडीची ओढ आणि एकमेकांची ओढ तिथं वेगळी काढता येत नाही. रेल्वेनं ही मैत्री मांडून दिलेली नाही, ती होऊ शकेल एवढी जागा तेवढी डब्यात ठेवली.

करमणुकीबद्दल थोडंच बोलतो. जहाजावर वेळ घालवायचा असतो म्हणून तिथं करमणूक लागते. आपल्या रात्रीच्या गाडीत प्रवाशाला झोप हवी असते. व्हिडिओ कोचच्या जमान्यात आपण सगळ्या बसला एकच पिक्चर मोठ्या आवाजात दाखवला आणि त्याला सेवा म्हटलं. आता व्हिडिओ गेला, तर ड्रायव्हरच्या केबिनमधली गाणी मागच्या बर्थपर्यंत येतात. तेवढा आवाज बंद करायला एक रुपया लागत नाही.

तेव्हा दुसऱ्या सत्रातल्या वक्त्यांना माझी विनंती आहे. जहाजाची झगमग सांगा, आम्ही आनंदानं ऐकू. पण बीड-पुणे बसच्या चाळीस प्रवाशांना उद्या समोर रेल्वे उभी असताना आपल्या गाडीत का बसावंसं वाटेल, याचं उत्तर त्यातून काढून द्या. आणि परळीच्या वैजनाथाला आलेला बाहेरगावचा माणूस अंबाजोगाईत एक रात्र का राहत नाही, हेही लॉजवाल्यांनी तोंडावर ऐकून घ्यावं. मीही लॉजवालाच आहे.

व्यवस्थेचं सांगतो. जेवण दीड वाजता मंडपामागं आहे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गरम पिठलं आहे, पोळीभातही आहे. कोकणच्या पाहुण्यांनो, मासे नाहीत, त्याबद्दल क्षमस्व. उद्या सकाळी सहाला योगेश्वरीचं दर्शन, हत्तीखाना आणि मुकुंदराजांच्या समाधीसाठी दोन गाड्या सुटतील. सहाला म्हणजे सहाला. ज्यांना यायचंय त्यांनी नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावं, आणि खाण्याचं काही पथ्य असेल तर तेही तिथंच सांगावं, एकदाच.

आपलं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढं येण्याची विनंती करतो.