जुने भाग, नवा सांधा : पेटंट कायद्यातील ‘उघड’पणाची कसोटी
(कामण, ता. वसई येथे लघुउद्योजक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समजा, तुमच्यापैकी कोणी एकमेकांत अडकवून हवे तितके वाढविता येतील असे विजेचे कनेक्टर बनवीत आहे. एके दिवशी नोटीस येते, ‘ही रचना आमच्या पेटंटमधील आहे, उत्पादन बंद करा.’ कामण-चिंचोटी परिसरातील छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न होय. अशा वेळी घाबरून यंत्रे बंद करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी : त्या पेटंटमध्ये खरोखर शोध आहे काय? पेटंट अधिनियम, १९७० नुसत्या नवेपणावर समाधान मानत नाही. त्या धंद्यातील जाणकाराला जे उघड वाटावे, त्याला पेटंट नाही. आणि दिले गेलेच असेल, तर कलम ६४ अन्वये ते रद्द करवून घेता येते.

याविषयीचा आपल्याकडील प्रमुख निवाडा भांड्यांवरून झाला आहे. भांडी लेथवर कातताना ती घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट मिर्झापूरच्या एका कारखान्याला १९५३ मध्ये मिळाले होते. भांडे सुटून उडण्याचा धोका त्यामुळे टळतो, असा दावा होता. परंतु त्यातील मुख्य भर टोकदार टेलस्टॉकचा, आणि टेलस्टॉक तर लेथवरील कोणत्याही कारागिराच्या परिचयाचा! १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरविले. जुने भाग एकत्र आणण्यास हरकत नाही. मात्र त्यातून नवा परिणाम अथवा अधिक चांगली किंवा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे आणि सुधारणा कारखान्यातील नित्याच्या फेरफारापलीकडची असली पाहिजे, हा त्या निर्णयाचा आशय.

आता आपला कनेक्टर घ्या. पट्टीवर शेजारी शेजारी बसणारे टर्मिनल जुने, प्लास्टिकची अडकण जुनी. दोन्ही आपापले काम पूर्वीप्रमाणेच स्वतंत्रपणे करीत असतील, तर कलम ३ (एफ) प्रमाणे ती केवळ मांडणी ठरते. अर्जदार म्हणेल, माझ्या कनेक्टरमध्ये अर्थिंगचा संपर्क प्रथम जुळतो व शेवटी सुटतो. परंतु तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन लांब असते ती त्याचसाठी. शिक्षकबंधूंनी हे वर्गात दाखविले असेलच. मात्र शेजारचा भाग काढताच उघडे तोंड आपोआप झाकले जात असेल, तर घाईने निकाल देऊ नये. झडपेचे सॉकेटही जुनेच, हे खरे; पण ती झडप या सांध्यात बसविण्याची दिशा त्या वेळच्या ज्ञानात होती काय, हे पाहावे लागते.

येथेच पुष्कळांची फसगत होते. उत्तर हाती आल्यावर ते सोपेच दिसते. म्हणून आजच्या डोळ्यांनी न पाहता अर्जाच्या अग्रक्रम-तारखेपूर्वीच्या कारागिराच्या जागी उभे राहावयाचे. तो या वाटेने गेला असता काय, हे विचारावयाचे. जाऊ शकला असता एवढ्याने भागत नाही.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मंजूर होण्यापूर्वी, कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. तिला आधार लागतो तो त्या तारखेपूर्वी प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा किंवा उघड वापराच्या पुराव्याचा. तेव्हा जुनी छापील मालसूची, तारखेचे बिल आणि विकलेल्या मालाचा नमुना रद्दीत घालू नका.