पाडकामाच्या आधीचा रकाना



संमेलनाच्या अध्यक्षाने स्थापत्य व्यवसायाच्या भवितव्याविषयी चार भव्य वाक्ये बोलावीत असा शिष्टाचार आहे. परंतु ज्याच्या हयातीचा बहुतेक भाग दारव्हा, घाटंजी आणि पांढरकवड्याकडच्या इमारतींची मोजमापे घेण्यात गेला, त्याला पत्र्याविषयी बोलणे अधिक सोयीचे वाटते. ज्याला आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, त्याच्या शंभर भागांत साधारणतः आठ-दहा भाग ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचे असतात, ही गोष्ट त्या भाबड्या नावाखाली बेमालूम झाकून गेली आहे. शाळांच्या खोल्या, कापसाच्या जिनांची गोदामे, दवाखान्यांचे व्हरांडे यांवर तो पत्रा आहे. सांडपाण्याच्या जुन्या नळांत तेच द्रव्य आहे. वाफेवर चालणाऱ्या प्रेसांच्या बॉयलरांना जे पांढरे वेष्टन गुंडाळीत तेही बहुधा त्याचेच. आणि आपल्या शकुंतला रेल्वेगाडीला १९९४ पर्यंत ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या जातीची यंत्रे जगभर हेच पांघरूण घेऊन धावली.

छपरावर स्वस्थ बसलेला पत्रा सहसा कोणाचे वाईट करीत नाही. तो फुटतो, घासला जातो, करवतीखाली येतो, तेव्हा त्यातील तंतू, जे केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात, श्वासावाटे फुप्फुसात उतरतात आणि तेथेच मुक्काम करतात. त्यांपासून उद्भवणारा फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होत असल्यामुळे, तोवर ती इमारत, तो मक्तेदार आणि ते काम यांपैकी काहीच कोणाच्या स्मरणात उरत नाही.

नोकरीच्या आरंभी एका तालुक्याच्या गावी जुने गोदाम उतरविण्याचे काम माझ्या देखरेखीखाली झाले. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण सही माझी होती. बोल्ट गंजलेले, पाने फिरेनात, म्हणून बेलदारांनी बोल्टभोवतीचा पत्राच हातोड्याने फोडण्याची सोपी तोड काढली. तोंडाला दुपट्टे होते, पण पापण्यांवर राखेसारखी धूळ बसली होती. साबूत पत्रे लिलावात जाऊन कोणाच्या तरी गोठ्यावर चढले. तुकडे बायांनी घमेल्यांतून वाहून आवारातील खोलगट जागी टाकले आणि वाहतुकीचा खर्च वाचविल्याबद्दल वरिष्ठांनी माझी तारीफ केली. सायंकाळी एक जण अंगातील सदरा दारात झटकून खांद्यावर टाकून घरी निघाला. तो सदरा घरी कोण धूत असेल, हे विचारण्याचे मला तेव्हा सुचले नाही.

आता कायद्याची गंमत पाहा. ॲस्बेस्टॉसच्या नव्या खाणपट्ट्यांना सरकारने १९८६ पासून मंजुरी देणे थांबविले, परंतु परदेशातून येणारा माल थांबला नाही. ब्रिटनने १९९९ साली त्याच्या वापरावर बंदी घातली, आणि तेथे जुनी इमारत पाडण्यापूर्वी त्याचा शोध घेणे बंधनकारक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याचे दफ्तर निदान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा हुकूम दिला. कारखान्यात पत्रा घडविणाऱ्यासाठी चाळीस वर्षांचे दफ्तर. आणि तोच पत्रा फोडणाऱ्या आमच्या बेलदाराचे नाव चाळीस दिवसांच्या हजेरीपटावरही धड सापडत नाही!

हे बदलण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे मला कारण दिसत नाही. जिल्हा परिषदेची शाळाखोली मोडीत काढण्यासाठी तिचे निर्लेखन करावयाचे झाले की प्रस्तावात बांधकामाचे वर्ष, क्षेत्रफळ, मोडकळीचे कारण, निघणाऱ्या साहित्याची किंमत असे सगळे आपण भरतो. त्यातच ‘ॲस्बेस्टॉस आहे किंवा कसे’ असा एक रकाना का नसावा? मात्र तो नजरेने भरता येणार नाही, कारण बाजारात ॲस्बेस्टॉसविरहित पत्राही मिळतो आणि दोघांचा चेहरा एकच. पाणी शिंपडून, नखाएवढा तुकडा अलगद काढून, दुहेरी पिशवीत बंद करून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे धाडावा लागतो, आणि जेवढ्या प्रकारचे साहित्य तेवढे नमुने. त्यात ॲस्बेस्टॉस निघाला तर पत्रा भिजवावा, बोल्ट कापून अखंड उतरवावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. अशा मालाची जागा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात आहे. लिलावात नाही आणि भरावात तर नाहीच. खर्च येईल. तो अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा. मक्तेदाराच्या माथी मारला तर तो बेलदाराच्या छातीवर उतरेल, हे आपण सारे जाणतो.

उद्या सकाळच्या बैठकीत या रकान्याचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनासाठी मला येथे बसलेल्यांपैकी असा एक मक्तेदार हवा आहे, ज्याने स्वतः पत्रे फोडून घेतले आहेत.